दाढ काढल्यावरचं आफ्टरकेअर किट: सामान पास, आतला कागद नापास

माझी खालची अक्कलदाढ आडवी होती, शेजारच्या दाढेच्या अंगावर रेललेली, त्यामुळे नुसती ओढून निघणारी नव्हती, हिरडी कापा, थोडं हाड घासा, दाढेचे तुकडे करा आणि मग एकेक बाहेर काढा असा सगळा कार्यक्रम झाला आणि वर टाके. निघताना क्लिनिकवाल्यांनी हातात एक चेनचा पाउच ठेवला, आफ्टरकेअर किट. हा रिव्ह्यू त्या पाउचचा आहे, डॉक्टरांचा नाही, त्यांचं काम एकदम साफ होतं. क्लिनिकचं नाव लिहीत नाही कारण ही किट्स सगळीकडे साधारण सारखीच असतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही किटला लागू पडेल.

आत काय होतं: गॉजच्या घड्या, जेलचा कोल्ड पॅक, क्लोरहेक्झिडिन माउथवॉशची छोटी बाटली, वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज (सुई नाही, घाबरू नका), आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलच्या स्ट्रिप्स, आणि दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात छापलेला एक कागद. वस्तू सगळ्या कामाच्या आहेत, एकही उगाच भरलेली नाही. पण यातल्या प्रत्येक वस्तूची आपली एक वेळ असते, त्या वेळी वापरली तर सोनं आणि भलत्या वेळी वापरली तर नुकसान, आणि कागदावर नेमक्या वेळाच नाहीत. "माउथवॉश वापरा", "शेक घ्या", "औषधं नियमित घ्या" बस. अहो पण कधीपासून? किती वेळ? कुठला शेक? ते सगळं मला विचारून विचारून आणि वाचून जमवावं लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

गॉजपासून सुरू करते. सगळ्यात फालतू वाटणारी वस्तू आणि पहिल्या दिवशी सगळ्यात महत्त्वाची. दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि पुढची सगळी भर त्या गुठळीवरच पडणार असते, तीच खालच्या हाडाला आणि नसांना झाकून ठेवते. गॉज चावून धरायचं ते तिला बसायला वेळ मिळावा म्हणून. अर्धा ते एक तास, सलग. सलग म्हणजे सलग, दर पाच मिनिटांनी आरशात बघून "थांबलं का" करायचं नाही, दर वेळी घडी उचलली की अर्धवट बसलेली गुठळी तिच्याबरोबर उचलली जाते. घडी जाड हवी आणि बरोबर खड्ड्याच्या वर, दात मिटल्यावर दाब तिथेच आला पाहिजे, नुसती गालात कोंबून उपयोग नाही. घरी बदलताना कोरडं गॉज ठेवू नका, पाण्याने ओलं करून पिळून घ्या, कोरडं चिकटतं.

किटमधल्या गॉजबद्दल एक तक्रार आहे. घड्यांच्या कडा कापलेल्या होत्या, दुमडलेल्या नव्हत्या, आणि त्या कडेचे बारीक दोरे सुटत होते. त्यातला एक माझ्या टाक्याच्या गाठीला अडकला, घडी काढताना टाका ओढला गेल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे तारे चमकले. तोंडाला चिमट्यासारखी दोन बोटं लावून, मोबाइलचा टॉर्च नवऱ्याच्या हातात, असा तो दोरा आम्ही छोट्या कात्रीने कापला, ओढला नाही. तेव्हापासून कापलेली कड आत जाईल अशी घडी घालत गेले, मग त्रास नाही झाला. हे कागदावर एका ओळीत बसलं असतं.

रक्ताचं सांगते, कारण पहिल्या रात्री सगळ्यांची घाबरगुंडी उडते. थुंकीत थोडं रक्त मिसळलं तरी सगळं तोंड लालभडक दिसतं, उशीवर डाग पडतात, हे पहिले चोवीस तास चालू शकतं आणि ते नॉर्मल आहे. उशीवर जुना टॉवेल टाका आणि डोकं जरा उंच ठेवून झोपा. पुन्हा वाहायला लागलं तर ओलं गॉज परत अर्धा तास घट्ट चावून धरा, गॉज संपलं असेल तर काळ्या चहाची पिशवी ओली करून, थंड करून तीही चालते, चहातल्या टॅनिनमुळे रक्त धरायला मदत होते. पण तोंड रक्ताने भरत असेल, दाबूनही थांबत नसेल, तर घरी बसायचं नाही. आणि ज्यांना रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी दाढ काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, मनाने गोळी बंद करू नका, त्यांच्याकडे ट्रानेक्झामिक ॲसिडमध्ये (रक्त थांबवणारं औषध) भिजवलेलं गॉज वगैरे उपाय असतात.

पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, सिगारेट तर अजिबात नाही. हे मात्र कागदावर ठळक अक्षरात होतं, श्रेय द्यायला हवं. तोंडात पाणी घ्यायचं आणि मान वाकवून बेसिनमध्ये नुसतं पडू द्यायचं. सिगारेटवाल्यांनी निदान दोन-तीन दिवस तरी लांब राहा, धुराने त्या जागेचा रक्तपुरवठाही कमी होतो आणि ओढताना तोंडात जी पोकळी तयार होते तीही गुठळीला नको असते.

कोल्ड पॅक. आकार छान, गालावर बरोबर बसतो, फ्रीझरमध्ये ठेवूनही दगड होत नाही, जेल मऊच राहतं. पण याला पट्टा नाही. पट्टा नाही म्हणजे तुम्ही एका हाताने गाल धरून बसणार, झोप लागली की पॅक मानेत. मी शेवटी ओढणी हनुवटीखालून डोक्यावर बांधली, दिसायला जे दिसलं ते दिसलं. कातडीला डायरेक्ट लावू नका, मध्ये रुमाल पाहिजे, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. हा पहिल्या दिवसाचा खेळ आहे, फार तर दुसऱ्या. त्यानंतर गार शेकाचा उपयोग संपतो आणि कोमट शेक बरा वाटतो, विशेषतः जबडा आखडला असेल तर. आमच्या कागदावर फक्त "शेक घ्यावा" होतं आणि घरातल्या मोठ्यांनी पहिल्याच संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी आणून ठेवली, त्यांचा काय दोष, शेक म्हटलं की आपल्याकडे गरमच.

खरं सांगायचं तर पॅकने सूज यायची थांबत नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तुम्ही काहीही करा, सकाळी उठून आरशात बघाल तर एक गाल वेगळ्याच माणसाचा. ती शरीराची दुरुस्तीची धावपळ असते, लगेच इन्फेक्शन झालं असं धरून चालू नका. तिसऱ्या दिवसानंतर ती उतरणीला लागली पाहिजे, हे महत्त्वाचं. तोंड नीट उघडत नाही हेही याच काळात, चावायचे स्नायू आखडतात, हळूहळू सुटतं. पॅकला पाचपैकी साडेतीन, पट्टा दिला असता तर साडेचार.

आता गोळ्या. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण किटमधला खरा हिरो हा आहे आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलंय. कागदावर "दुखल्यास घ्यावे". नाही! दुखल्यावर नाही, दुखायच्या आधी. खालच्या जबड्यात जी भूल देतात ती ओठ-जीभ साधारण तीन ते पाच तास बधिर ठेवते, आणि ती उतरते तेव्हा हळूहळू नाही उतरत, आधी ओठाला मुंग्या आणि मग एकदम जबड्यात ठणका. गोळीला काम सुरू करायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे ओठाला मुंग्या यायच्या आत गोळी पोटात गेली पाहिजे. मला हे रिसेप्शनवरच्या ताईंनी निघता निघता सांगितलं, "मॅडम घरी पोचल्या पोचल्या पहिला डोस घ्या, वाट बघू नका", आणि त्या एका वाक्याने माझी पहिली रात्र वाचवली. त्या ताईंना वेगळे पाच स्टार.

आणि दोन्ही प्रकारच्या गोळ्या कशाला दिल्यात, तर त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. आयबुप्रोफेन जखमेच्या जागी सूज आणि ठणका वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स कमी करतं, पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूच्या बाजूने दुखणं कमी करतं. एकत्र दिली की एकट्या कुठल्याही गोळीपेक्षा जास्त आराम. हे ऐकीव नाही, वेदनाशामक औषधांच्या चाचण्या वर्षानुवर्षं अक्कलदाढ काढलेल्या लोकांवरच होत आल्यात, कारण तरुण धडधाकट माणसं, सगळ्यांना साधारण सारखंच ऑपरेशन आणि हमखास दुखणं. म्हणजे आपण ज्या दुखण्यातून जातोय त्याच्यावर अभ्यासाला तोटा नाही. २०१३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) या जोडीचा निकाल एकट्या गोळीपेक्षा चांगला आला, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये मोठ्यांसाठी ज्या गाइडलाइन्स दिल्या त्यातही आधी याच साध्या गोळ्या, अफूवर्गातली जड औषधं नंतर आणि अगदी गरज पडली तरच.

माझा डोस डॉक्टरांनी लिहून दिलेला होता, तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, लिव्हरचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी, आणि सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे नकळत डबल होतं. आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी नको, आणि अल्सर, किडनीचा आजार, अशा गोळ्यांनी उठणारा दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, प्रेग्नन्सी यातलं काही असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. ही यादी कागदावर नव्हती. म्हणजे गोळ्यांची स्ट्रिप पाउचमध्ये टाकून सरसकट सगळ्यांना वाटायची आणि कोणी घेऊ नये ते लिहायचंच नाही, हे मला बिलकुल पटलेलं नाही. मला चिठ्ठी देताना डॉक्टरांनी तोंडी सगळं विचारलं होतं हे खरं, पण अर्ध्या तोंडाला भूल आणि डोकं सुन्न असताना तोंडी सांगितलेलं किती लक्षात राहतं.

पहिले दोन-तीन दिवस घड्याळाला धरून घ्या, दुखत नसलं तरी. रात्रीचा अलार्म लावा. ठणका एकदा वर चढला की त्याला खाली आणायला तीच गोळी दुप्पट वेळ घेते असं वाटतं. आणि जुन्या लोकांचा एक उपाय असतो, ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायची, तो करू नका, हिरडी भाजल्यासारखी पांढरी होते आणि रक्तही जास्त वाहतं.

ॲन्टिबायोटिक किटमध्ये नाही, आणि मी आधी नाराज झाले होते, की एवढं हाड घासलं आणि ॲन्टिबायोटिक नाही? विचारलं तर डॉक्टर म्हणाले तुमची तब्येत चांगली आहे, आधी पू नव्हता, गरज वाटली तर देऊ. नंतर वाचलं तर २०२१ च्या कॉक्रेन रिव्ह्यूनुसार साधारण १९ निरोगी लोकांना ॲन्टिबायोटिक द्यावं तेव्हा एकाचं इन्फेक्शन टळतं, आणि बाकीच्यांच्या वाट्याला फायदा नसताना औषधाचे दुष्परिणाम येऊ शकतात. म्हणून शुगर असलेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना किंवा आधीच इन्फेक्शन असलेल्यांना हिशोब वेगळा, बाकीच्यांना सरसकट नको. आता मला ते पटतंय. दिलं असेल तर मात्र कोर्स अर्धा सोडू नका, आणि घरातल्या कपाटातून मागच्या वेळचं उरलेलं तर मुळीच सुरू करू नका.

माउथवॉश. क्लोरहेक्झिडिन हे चांगलंच औषध आहे, जंतू मारतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून पुढचे काही तास काम करत राहतं. खालीच ज्या ड्राय सॉकेटबद्दल (खड्ड्यातली गुठळी जाऊन हाड उघडं पडणं) लिहितेय त्याची शक्यता यामुळे कमी होते असं २०२२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्येही आहे. पण पहिले चोवीस तास बाटली उघडायचीसुद्धा नाही. त्यानंतर तोंडात घ्यायचं, मान त्या बाजूला कलवून ठेवायचं, खळखळ करायची नाही, आणि बाहेर सोडून द्यायचं. टूथपेस्ट आणि याच्यामध्ये अर्धा तास तरी जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे याचा असर कमी होतो. तक्रार चवीची. चव म्हणजे औषध कडू असतं ते मी समजू शकते, पण यामुळे जिभेची चवच बदलते, सगळं खाणं पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतं, विशेषतः खारट चव तर गायबच होते. आणि जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून सांगितलेल्या दिवसांपुरतंच. क्वचित कोणाला याची जोरदार ॲलर्जीही येते, आधी कधी अंगावर पित्त उठलं असेल तर सांगून ठेवा. पाचपैकी चार.

मी दिवसातून दोनदा हे आणि मध्ये जेवणानंतर मिठाचं कोमट पाणी असं केलं, ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. मिठाच्या पाण्याला बाटली नाही, लेबल नाही, म्हणून किटमध्येही नाही, पण कागदावर तरी लिहायचं होतं.

आता मुख्य भाग, जिथे कागद सपशेल आडवा झाला.

पहिले दोन दिवस माझं मस्त चाललं होतं. दुखणं कमी कमी होत होतं, मी नवऱ्याला म्हटलंही की लोक उगाच बाऊ करतात. आणि तिसऱ्या दिवशी रात्री दुखणं उतरायच्या ऐवजी चढायला लागलं. साधं दुखणं नाही, खोल हाडातून निघून कानात जाणारी कळ, कानात काहीतरी घुसलंय असं वाटावं इतकी, आणि तोंडात एक घाण चव, घाण वास, माझा मलाच येत होता. गोळीने फक्त धार कमी व्हायची. ताप नाही, सूज उलट उतरत होती. कागद दोन्ही बाजूंनी वाचला, "तीव्र वेदना असल्यास संपर्क साधा" आणि नंबर. नंबर लावला तर तो क्लिनिकचा लॅंडलाइन, रात्री उचलणार कोण. सकाळपर्यंत वाट बघितली.

हे म्हणजे ड्राय सॉकेट. खड्ड्यातली गुठळी विरघळते किंवा निघून जाते आणि हाड उघडं पडतं. आरशात बघितलं तर बाकीच्यांना खड्ड्यात काळसर-लाल किंवा पिवळट थर दिसतो, मला पोकळी आणि तळाशी राखाडी-पांढरं हाड दिसत होतं. याचं वर्णन क्रॉफर्ड नावाच्या माणसाने १८९६ मध्येच करून ठेवलंय, म्हणजे काही नवीन दुर्मिळ प्रकार नाही. साध्या दात काढण्यात शंभरातल्या एक ते पाच लोकांना होतो, खालच्या अक्कलदाढेला त्याहून बराच जास्त. सिगारेट, अवघड सर्जरी, गर्भनिरोधक गोळ्या, आधी कधी झालेला असणं, यामुळे शक्यता वाढते. मी सगळं नीट पाळलं होतं तरी झाला, कारण सर्जरीच अवघड होती, त्यामुळे तुम्हाला झाला तर स्वतःला कोसत बसू नका. तर खालची अक्कलदाढ काढून घरी जाणाऱ्या माणसाला "तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं, कानात गेलं, वास आला तर लगेच या, हे बरं होतं" एवढं लिहून द्यायला काय हरकत होती? माझी अख्खी रात्र इन्फेक्शन मेंदूत गेलं की काय या विचारात गेली.

सकाळी गेले तर पंधरा मिनिटांचं काम. कोमट सलाइनने खड्डा हलकेच धुतला, आत अडकलेलं खाणं निघालं, आणि मग चिमट्याने एक तपकिरी रंगाचं, धाग्याधाग्यांचं ओलसर औषध आत भरलं, लवंगेच्या तेलाचा उग्र वास. त्यात युजेनॉल असतं, लवंगेतला तोच घटक, तो नस शांत करतो. मी खुर्चीतच होते आणि कळ कानातून मागे सरकतेय हे जाणवायला लागलं, उठेपर्यंत निम्मी, घरी पोचेपर्यंत जवळजवळ नाहीच. इतक्या दिवसांत मला मिळालेली सगळ्यात भारी गोष्ट ही, आणि ती किटमध्ये नाही, असूही नये, कारण ते धुवून भरायचं काम घरी करायचं नाही. घरी लवंगेचं तेल कापसावर घेऊन खड्ड्यात कोंबणारे आहेत, शुद्ध तेलाने उघडी जखम पोळते, आणि कापसाचे तंतू आत राहतात ते वेगळंच. ड्रेसिंग परत बदलायला जावं लागलं, मग शांत. यावर ॲन्टिबायोटिक देत नाहीत हेही तेव्हाच कळलं, कारण मुळात हा पू-तापवाला प्रकार नाही, उघड्या हाडाचं दुखणं आहे.

खरं इन्फेक्शन वेगळं दिसतं. सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरायची सोडून वाढत जाते, ताप येतो, थंडी वाजते, पू येतो, गाल गरम आणि टणक लागतो. असं असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि हनुवटीखाली किंवा जिभेखाली सूज येऊन गिळता येत नसेल, लाळ बाहेर येत असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर दाताच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. जबड्याखालचं इन्फेक्शन गळ्याकडे पसरलं की श्वासनलिका दाबली जाऊ शकते, लुडविग्ज अँजायना म्हणतात त्याला, त्यात तास मोजायचे असतात, दिवस नाही.

आणि याउलट, जे बघून लोक उगाच घाबरतात ते म्हणजे खड्ड्यावरचा पांढरट-पिवळा थर. दुखणं कमी होत असेल, वास नसेल, तर तो पू नाही, भरून येणाऱ्या जखमेचाच थर आहे. खरवडू नका, टूथपिक घालू नका, ब्रशने घासून काढू नका. बाकीचे दात मात्र दुसऱ्या दिवसापासून नीट घासा, त्या जागेच्या आजूबाजूला हळू.

सिरिंज राहिली. ही वस्तू मला फार आवडली पण तिचीही वेळ आहे, पहिले चार-पाच दिवस पाउचमध्येच राहू दे, तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हाच काढा, आधी वापरली तर पाण्याच्या धारेने गुठळीच उडेल. ती वेळ आल्यावर मात्र चुळीने जे निघत नाही ते ही काढते. खालच्या दाढेचा खड्डा म्हणजे एक विहीरच, जेवणातलं सगळं त्यात जमा, तोंड कितीही खळखळा. सिरिंजमध्ये कोमट मिठाचं पाणी भरायचं, टोक खड्ड्याच्या काठाशी, आत खुपसायचं नाही, आणि दट्ट्या हळू दाबायचा. पहिल्यांदा काही निघत नाही, मग टोक किंचित मागच्या बाजूला वळवलं की एकदम काहीतरी बेसिनमध्ये पडतं आणि तुम्ही बघत राहता की हे मी कालच्या जेवणातलं घेऊन फिरत होते. दट्ट्या मात्र दोन-चार दिवसांनी घट्ट झाला, रबर फुगलं बहुधा, मग धक्क्याने पाणी यायला लागलं आणि ते धोक्याचं. वापरून झाल्यावर दट्ट्या बाहेर काढून वाळवत ठेवला तर जास्त टिकते. खड्डा उथळ होऊन अन्न अडकायचं थांबेपर्यंत वापरायची, हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे तरी जातात आणि आतलं हाड भरायला काही महिने. साडेचार स्टार.

वरची दाढ काढलेल्यांना एक वेगळं सांगायचंय कारण किट सगळ्यांना एकच देतात. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसच्या (नाकाला जोडलेली गालाच्या हाडातली पोकळी) अगदी जवळ असतात, त्यामुळे नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या. आणि पाणी पिताना नाकातून यायला लागलं तर लगेच दाखवा. आणि खालची काढलेल्यांना भूल उतरल्यानंतरही, दुसऱ्या दिवशीसुद्धा, ओठ किंवा जीभ बधिर असेल तर तेही कळवा, बहुतेकांचं परत येतं पण डॉक्टरांच्या नोंदीत असलं पाहिजे.

क्लिनिकला मी हे सगळं फॉलो-अपला सांगितलं, कागद पुढे ठेवून, पेनाने समासात वेळा लिहून. डॉक्टर म्हणाले हो, छापून बरेच दिवस झालेत, बदलायला हवा. बघू. एकूण किटला साडेतीन, कागद धरला नाही तर साडेचार. तुमच्या क्लिनिकमध्ये किट देत नसतील तर गॉज, कोल्ड पॅक आणि सिरिंज सुटी घ्या, दाढ काढायच्या आदल्या दिवशीच, नंतर दुकानात जाऊन गाल धरून बोलायची इच्छा राहत नाही. गोळ्या आणि माउथवॉश मात्र लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. आणि रात्री फोन कोण उचलणार हे खुर्चीत बसायच्या आधी विचारून घ्या, नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा.

अजून एक, काही आठवड्यांनी हिरडीतून काहीतरी टोकदार जिभेला लागायला लागलं तर दाढेचा तुकडा आत राहिला म्हणून भांडायला जाऊ नका. बहुतेक वेळा ती हाडाची बारीक कपची असते, शरीर स्वतःच बाहेर ढकलतं. माझी टोचत होती म्हणून दाखवली, डॉक्टरांनी जरा जेल लावून चिमट्याने काढली, तांदळाच्या कणीएवढी होती.